न्हाणीत गीझर बसवताना: चिऱ्याच्या घरातलं अर्थिंग

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या पडवीला लागून असते. चुलीत चिणलेलं तांब्याचं भाण, खाली लाकडं, वर धुरकट कौलं. आता लाकूडफाटा गोळा करायला माणूस नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घरातल्या वयस्कर माणसांना गरम पाणी तर हवंच. म्हणून भाणाच्या जागी गीझर येतो. बहुतेक ठिकाणी हे अर्ध्या दिवसाचं काम असतं. प्लंबर भिंतीत दोन बोल्ट ठोकतो, वायरमन शेजारच्या खोलीतल्या सॉकेटवरून वायर ओढतो आणि संध्याकाळी पाणी गरम. आमच्याकडे हे काम २०२५च्या फेब्रुवारीत सुरू झालं आणि पाऊस पडेपर्यंत चाललं. गीझर बसवणं त्यातलं सगळ्यात सोपं काम ठरलं. वेळ आणि पैसा खाल्ला तो जमिनीने आणि जुन्या वायरिंगने. कुणाला हेच काम काढायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी गीझर किती मोठा घ्यायचा ते. दुकानात २५ लिटरचा गळ्यात मारायला बघतात. गोव्यात टाकीतलं पाणी थंडीतही साधारण २५-२६ अंशांवर असतं. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांवर आणलं, तर सुमारे ३६ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. एकाच्या आंघोळीला पुरून उरतं. २००० वॅटची कॉइल हे पाणी अठरा-एकोणीस मिनिटांत तापवते आणि वीज लागते सुमारे ०.६ युनिट. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर स्वस्त असतो, पण तो ३००० वॅटचा असतो, काही ४५०० वॅटचेही येतात. ४५०० वॅट म्हणजे जवळपास २० अँपिअर, जे १६ अँपिअरच्या सॉकेटला झेपणारच नाही. शिवाय आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९०पर्यंत उतरतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १९० व्होल्टला २००० वॅटचे १३६० वॅटच उरतात. साठवणीच्या गीझरला तेव्हा आठ मिनिटं जास्त लागतात, एवढंच. इन्स्टंटमधून मात्र कोमट पाणी येतं. त्यामुळे १५ लिटर, २००० वॅट, आयएसआय मार्क, ८ बार दाबाची टाकी. गॅस गीझरचा विचार एका वाक्यात संपवला: बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

कागदपत्रांचं काम फेब्रुवारीतच काढलं, आणि ते बरं झालं. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो आमचा २ किलोवॅट होता. त्यात फ्रिज, पंप, मिक्सर आणि वर गीझर बसणं शक्य नव्हतं, म्हणून ४ किलोवॅटसाठी अर्ज करायचं ठरलं. बिल आजोबांच्या नावावर होतं, आणि भार वाढवायच्या अर्जावर ग्राहकाची सही लागते. तेव्हा आधी नावबदल. आमच्याकडे मागितलेले कागद असे: मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, पंचायतीची चालू वर्षाची घरपट्टीची पावती, आधार आणि शेवटचं भरलेलं बिल. सगळ्यात जास्त वेळ मुंबईला राहणाऱ्या वारसांच्या सह्या गोळा करण्यात गेला. घर मुंडकारी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचं असेल किंवा घरपट्टी अजून जुन्याच नावावर येत असेल, तर हा गुंता वीज खात्याच्या दारात जाण्याआधी पंचायतीत सोडवून घ्या. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा आणि अर्जाच्या पोचपावतीवरचा आवक क्रमांक मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक चौकशीत तोच विचारतात. भार वाढवायच्या अर्जाला परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो, म्हणून कंत्राटदार आधी पक्का केला. सही देणारा आणि प्रत्यक्ष काम करणारा एकच असावा, हा आग्रह धरला. नुसती सही विकत मिळते आणि अहवालातले आकडे मग घरबसल्या भरले जातात.

मार्चमध्ये वायरिंगची तपासणी झाली. शिगमोत्सव सुरू झाला की गावात कारागीर सापडत नाहीत, म्हणून ती त्याआधी उरकली. ५०० व्होल्टचा मेगर लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजलं. मेन बंद करायचं, सगळे बल्ब, पंख्यांचे रेग्युलेटर, टीव्ही, चार्जर काढायचे आणि मग फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थच्या तुलनेत मोजायचं. किमान १ मेगओहम हवा. माजघराच्या लाइनला ३० आला, स्वयंपाकघराला ५, आणि न्हाणीच्या दिव्याच्या लाइनला ०.२. तेही कोरड्या मार्चमध्ये. भिंतीतली लाकडी पट्टी उघडली तेव्हा दिसलं की जुन्या वायरचं रबर विरून गेलं आहे, आणि जॉइंटवर मुंग्यांनी माती भरून ठेवली आहे. मुंग्या आणि पाली आमच्याकडच्या स्विचबोर्डांत कायमच्या भाडेकरू. पाल एकदा दोन टर्मिनलांच्या मध्ये सापडली की बोर्ड जळतो. नव्या पेट्या घेताना वायर आत शिरते ती भोकं ग्लँड लावून बंद करून घेतली. याला फारसा खर्च नाही.

आता मुख्य गोष्ट.

घराचं अर्थिंग म्हणजे मीटरखाली ठोकलेली एक गंजकी लोखंडी सळई होती. अर्थ टेस्टरने मोजलं तर ६४ ओहम; हा आकडा जितका कमी, तितकं अर्थिंग चांगलं. ही मोजणी अशी करतात: घराची अर्थ वायर इलेक्ट्रोडपासून, म्हणजे जमिनीतल्या सळईपासून किंवा पाइपपासून, सोडवायची, पण मेन बंद केल्याशिवाय कधीही सोडवू नका. मग एका सरळ रेषेत ३० मीटरवर एक खुंटी आणि साधारण १८-१९ मीटरवर दुसरी खुंटी ठोकायची. मधली खुंटी दोन मीटर पुढे आणि दोन मीटर मागे नेऊन पुन्हा मोजायचं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच मोजणी खरी. आमच्या अंगणात खुंटी जाईचना, वर सगळा चिरा, म्हणजे जांभा दगड. शेवटी रेषा माडांच्या आळ्यांवरून धरली आणि आळी आदल्या रात्री भिजवून ठेवली.

चिऱ्याची जमीन विजेला वाट देत नाही. पावसात ती पाणी पिते, पण सच्छिद्र असल्यामुळे ते लगेच खाली सोडून देते, आणि एप्रिल-मेमध्ये वरचा थर खडखडीत कोरडा होतो. म्हणून अर्थिंगचा आकडा पावसाळ्यात घेऊन समाधान मानू नये. उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट आकडा तो खरा. आम्ही खड्डा एप्रिलमध्ये खणला. वरचा सव्वा मीटर टिकाव आणि पहारीने फोडावा लागला. दोन मीटरच्या सुमारास पिवळट पांढरी चिकणमाती लागली, हाताला गार आणि ओलसर. त्या थरात इलेक्ट्रोडचा निदान काही भाग गेला पाहिजे. वर कितीही मीठ ओतलं तरी त्याची बरोबरी होत नाही.

जागेसाठी दोन-तीन गोष्टी पाहिल्या. भिंतीपासून किमान दीड मीटर लांब, विहिरीपासून बऱ्याच अंतरावर, आणि जमीन वर्षभर ओली राहील अशी. न्हाणीचं पाणी जिथे सोडतात तिथे केळी लावलेल्या असतात, ती जागा ओलाव्याच्या हिशेबाने उत्तम. पण मीठ-कोळशाचा पारंपरिक खड्डा तिथे केला असता तर केळी मेल्या असत्या. शिवाय आमच्याकडच्या पावसात मीठ चार-पाच वर्षांत वाहून जातं आणि जाता जाता जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइपही खातं. म्हणून ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय पाइप उभा करून भोवती बेंटोनाइट नावाची माती आणि लोणारी कोळशाचा चुरा पाण्यात कालवून भरला. बेंटोनाइट पाणी धरून ठेवतो, पण पूर्ण वाळला तर आकसतो आणि पाइपपासून सुटतो. म्हणून वर जाळीचं नरसाळं, ३० बाय ३० सेंटिमीटरची विटांची चौकट आणि झाकण केलं. मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओततो.

पहिल्या पाइपने १४ ओहम दिले. दुसरा पाइप पाच मीटरवर घातला. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर त्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट नसेल तर दुसऱ्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. दोन्ही २५ बाय ३ मिमीच्या जीआय पट्टीने जोडल्यावर ८ ओहम झाले. पट्टी मीटरबोर्डापर्यंत आणली आणि तिथून पुढे ६ चौरस मिमीची तांब्याची हिरवी वायर. दमटपणात तांबं जस्ताला खातं, म्हणून तो जॉइंट जमिनीत गाडायचा नाही. कल्हई केलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड लावून तो जमिनीच्या वर, कोरड्या जागी, उघडून बघता येईल असा ठेवला.

वायरमन म्हणाला, "आठ ओहम म्हणजे गावात सगळ्यात भारी अर्थिंग. एमसीबी आहेच. आता आरसीसीबी कशाला?" एमसीबी म्हणजे जास्त वीज वाहिली की पडणारा स्विच, आरसीसीबी म्हणजे वीज गळली की पडणारा. हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो आणि बहुतेक घरांत तिथेच थांबतो. म्हणून हिशेब सविस्तर मांडते.

गावाकडच्या जोडणीत खातं फेज आणि न्यूट्रल देतं, अर्थ आपला आपण करायचा. गीझरची कॉइल फुटली आणि फेज थेट बॉडीला लागला, तर वीज आपल्या अर्थिंगमधून जमिनीत उतरते आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत परत जाते. आपले ८ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडचे समजा २ ओहम, मिळून १०. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. गीझरचा १६ अँपिअरचा सी-टाइप एमसीबी ताबडतोब पडायला किमान ८० अँपिअर लागतात, काहींना १६०पर्यंत. २३ अँपिअरला त्याला पडायला तासभरही लागू शकतो. तोवर गीझरच्या बॉडीवर आणि धातूच्या नळावर किती व्होल्ट? २३ गुणिले ८, म्हणजे १८४. ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या माणसाला १८४ व्होल्ट. गावातलं सगळ्यात भारी अर्थिंग असताना.

म्हणजे अर्थिंग फुकट गेलं असं नाही. कॉइलला सुरुवातीला बारीक तडा जातो आणि गळती समजा २ अँपिअरची असते. ८ ओहमवर बॉडीला १६ व्होल्ट येतात, ते निभावतं. जुन्या सळईच्या ६४ ओहमवर त्याच गळतीला १२० व्होल्टच्या वर गेले असते. एमसीबीला दोन्ही वेळा काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने २ अँपिअर म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. आरसीसीबी फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो, फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताक्षणी तो पडतो. नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा आहे. दुकानात १०० मिलिअँपिअरचा "ट्रिपिंगचा त्रास होत नाही" म्हणून पुढे करतात. न्हाणीसाठी तो घेऊ नका.

बोर्डात दोन वेगळ्या वाटा केल्या. न्हाणीचा गीझर आणि न्हाणीचा दिवा मिळून एक १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. बाकी घराला ४० अँपिअरचा वेगळा आरसीसीबी. दोन्ही शेजारी शेजारी, एकामागे एक नाहीत. एकामागे एक लावले तर गीझरच्या गळतीला दोन्ही पडतात आणि फ्रिजही बंद होतो. आरसीसीबी एकट्याने जास्त भारापासून वाचवत नाही, त्याच्यासोबत एमसीबी लागतातच. पंपाला स्टार्टर आणि घरात इन्व्हर्टर असेल तर टाइप ए प्रकारचा आरसीसीबी घ्यावा, थोडे पैसे जास्त पडतात.

आरसीसीबी लावल्या लावल्या पडायला लागला की लोक तो खराब म्हणून काढून टाकतात. आमच्याकडेही माजघराचा पंखा लावला की न्हाणीचा आरसीबीओ पडायचा. कारण जुनं होतं: कुणीतरी कधीतरी वायर वाचवायला दोन खोल्यांचा न्यूट्रल एकच केला होता. फेज एका वाटेने जाणार आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेने परत येणार, मग फरक दिसणारच. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल सोडवून, ज्याचा त्याचा वेगळा करून, त्याच्या त्याच्या आरसीसीबीखाली आणला. इन्व्हर्टरच्या लाइनचीही तीच गत असते. त्याचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला कुठेतरी मिळालेला असतो आणि वीज गेली-आली की ट्रिप होतो. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून "प्रश्न सोडवणारे" वायरमनही भेटतात. बाहेर न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर फेज येतो. ते कधीही करू देऊ नका.

न्हाणी लहान, दीड बाय पावणेदोन मीटर. शॉवरखाली वेगळा ट्रे नसेल तर शॉवरपासून १.२ मीटरपर्यंत आणि फरशीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग पाण्याचा समजतात, त्यात स्विच किंवा सॉकेट नको. आमच्या हिशेबात सगळी न्हाणीच त्यात बसली. म्हणून २० अँपिअरचा डबल पोल स्विच, दिव्यासह, बाहेर दाराच्या बाजूला. डबल पोल अशासाठी की बंद केल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. गीझरचं सॉकेट आत, पण २.२५ मीटरच्या वर, झाकणाच्या पेटीत. कौलारू छपरामुळे उंची मिळाली, स्लॅबच्या घरात ती मिळत नाही. तिथे गीझर न्हाणीबाहेर बसवून नुसता पाइप आत नेणं बरं. वायर ४ चौरस मिमीची तांब्याची, अर्थची २.५, बोर्डापासून सॉकेटपर्यंत अखंड, मध्ये जॉइंट नाही. २.५ची फेजही चालली असती, पण पेटीपासूनच्या सोळा मीटर लांबीला आणि आमच्या व्होल्टेजला ४ घेतली. पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढले. पुढे टॉवेलची खुंटी ठोकताना कामाला येतात.

चिऱ्याच्या भिंतीवर भरलेला गीझर, म्हणजे सुमारे २५ किलो, नुसत्या अँकर बोल्टवर टांगू नये. अँकर फुलतो तेव्हा चिरा आतून भुगा होतो. त्या दिवशी घट्ट वाटतं, दोन पावसांत ढिलं पडतं. जांभ्या दगडात पोकळ्या असतात, बोल्ट नेमका पोकळीत गेला की धरायला काहीच नाही. आम्ही भिंतीतून आरपार १० मिमीचे स्टड घातले, मागच्या बाजूला १०० मिमी चौरस लोखंडी प्लेटा आणि पुढे अँगलची चौकट. भोक पाडताना हॅमर बंद ठेवला आणि आधी ६ मिमी, मग १० मिमीचं ड्रिल वापरलं. बाहेरच्या प्लेटांना झिंक प्रायमर मारला. आरपार जाता येत नसेल तर चिरा कोरून तिथे काँक्रीटचा ठोकळा भरावा आणि आठवडाभर पाणी मारून मगच बोल्ट घालावा.

प्लंबिंगमध्ये फारसं सांगण्यासारखं नाही. गरम पाण्याला चालणारे सीपीव्हीसी पाइप, पितळी आट्याची अडॉप्टर, गीझरला लागून मात्र धातूच्या वेणीचा कनेक्टर. गीझरमधून जास्त तापलेलं पाणी आलं तर प्लास्टिकचा कनेक्टर मऊ पडून सुटतो. सेफ्टी व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या बाजूलाच लागतो. त्याच्या लहान तोंडातून पाणी तापताना दोन-चार थेंब येतात, म्हणून काही जण ते बुच लावून बंद करतात. तसं केलं आणि थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटू शकते. त्या तोंडाला नळी लावून ती मोरीत सोडली. न्हाणीत जुने जीआय पाइप राहिले असतील तर तेही ४ चौरस मिमीच्या वायरने अर्थला जोडून घ्यावेत. आमचे सगळे काढून टाकले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात चालू केलं, या क्रमाने. आधी पाणी: गरम नळ उघडा ठेवून टाकी भरू दिली, नळातून हवा संपून सलग धार येईपर्यंत. रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटभरात जळते. मग मेगर: गीझरसकट सर्किट ५० मेगओहमच्या वर. मग अर्थची सलगता, गीझरच्या बॉडीपासून बोर्डाच्या अर्थ पट्टीपर्यंत अर्ध्या ओहमपेक्षा कमी. शेवटी आरसीडी टेस्टरने, म्हणजे गळतीचा स्विच तपासायच्या यंत्राने, गीझरच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअर सोडून पाहिले, २६ मिलिसेकंदांत पडला. आरसीसीबीवरचं टी बटण फक्त आतली यंत्रणा चालते का ते सांगतं, अर्थिंग आहे की नाही ते त्याला कळत नाही. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी पद्धत कुणी करायला लागलं तर हात धरा. अर्थिंग तुटलेलं असेल तर घरातल्या सगळ्या धातूच्या वस्तूंवर त्या बल्बमधून फेज जातो. थर्मोस्टॅट ५५वर ठेवला. त्याहून जास्त तापवलं आणि पाणी खारट किंवा जड असेल तर कॉइलवर क्षार लवकर बसतात.

हेच आकडे चाचणी अहवालात गेले आणि भारवाढीचा अर्ज त्याच्यासह दिला. मीटर बदलायला माणूस आला तेव्हा त्याने अर्थ पट्टी पाहिली आणि सील लावून गेला. जूनच्या बिलावर ४ किलोवॅट छापून आलं.

खर्च असा झाला: गीझर ९,२००, अर्थिंगचे दोन खड्डे सामान आणि मजुरीसह १३,०००, कंत्राटदाराची मजुरी आणि अहवाल ९,०००, वायर आणि पाइप ८,५००, बोर्ड, आरसीसीबी, आरसीबीओ आणि स्विच ७,८००, प्लंबिंग ४,६०० आणि भिंतीची चौकट १,८००. एकूण ५३,९०० रुपये. खात्याची फी आणि अनामत रक्कम वेगळी, ती भारानुसार ठरते. हात आखडता घ्यायचा असेल तर दुसरा अर्थ पाइप पुढच्या वर्षावर ढकलता येईल. आरसीबीओ ढकलू नका.

जुलैत पुन्हा मोजलं. अर्थिंग ३.५ ओहमवर उतरलं होतं, हे अपेक्षितच. उलट माजघराच्या जुन्या लाइनचं इन्सुलेशन ३०वरून ४ मेगओहमवर आलं. गळक्या कौलाखाली वायर जाते ती जागा शोधून तेवढा भाग बदलला. विजा चमकतात तेव्हा आरसीसीबी अधूनमधून पडतो. त्यासाठी बोर्डात सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेची अचानक उसळी अडवणारी डबी लावली, पण मोठं गडगडलं की मेन बंद करायची सवय त्यामुळे मोडलेली नाही.

गीझर पावसाळ्यात बंदच होता. चतुर्थीला पाहुणे यायचे म्हणून ऑगस्टअखेर लावला आणि आरसीबीओ लगेच पडला. अशा वेळी पुन्हा पुन्हा वर करून बघू नये, आणि "आजच्यापुरतं" थेट जोडणी तर नकोच. प्लग काढला तर आरसीबीओ टिकला, म्हणजे दोष गीझरमध्ये. मेगरने कॉइल मोजली, जवळपास शून्य. कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती दमट हवा ओढते. बरेच महिने न तापवलेल्या गीझरची ही नेहमीची तक्रार आहे. टाकी रिकामी करून कॉइल काढली आणि वर्कशॉपच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास ठेवली. थंड झाल्यावर ८० मेगओहम. नवी रबरी गॅस्केट घालून बसवली, जुनी गॅस्केट पुन्हा वापरली तर हमखास गळते. कॉइल सुकवूनही आकडा वर आला नसता तर नळीला तडा आहे असं समजून ती बदलावी लागली असती, आठ-नऊशे रुपयांत नवी मिळते. कॉइल काढलेलीच होती म्हणून टाकीला गंजण्यापासून वाचवणारी मॅग्नेशियमची सळई, म्हणजे अ‍ॅनोडही पाहून घेतला. अजून बोटाएवढा जाड होता. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा गीझर पूर्ण तापवून बंद करतो आणि त्याच वेळी टी बटण दाबून बघतो.